शेतातल्या शेडवर कॅमेरे: आधी मिनिटं मोजा, मग खरेदी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला पुण्यात चंदननगरला, शेती शिरूर तालुक्यात साडेचार एकर. विहिरीवर मोटारघर, तिथून तीनेकशे मीटरवर कांद्याची चाळ आणि चाळीला लागून पत्र्याचं शेड. शेडमध्ये ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, खतं, रोटाव्हेटर. वर्षभरात दोनदा चोरी झाली. आधी केबल गेली, नंतर मोटर आणि स्टार्टर. चुलते गावठाणात, म्हणजे शेतापासून दोन किलोमीटरवर राहतात. जवळची वस्ती चारशे मीटरवर. शेतावर लाईट आठ तास. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सोलरवरचा फोर-जी कॅमेरा साडेसहा हजारांना मिळतोय. असे चार लावले तर चोरी थांबेल का, आणि त्यांची तोंडं कुठे करायची?

पुणे जिल्ह्यात कॅमेरे बसवायचं काम मी सोळा वर्षं करतोय. सुरुवात शहरातल्या सोसायट्यांपासून झाली. आता निम्म्याहून जास्त कामं शिरूर, खेड, दौंड, पुरंदरच्या शिवारात असतात. चार कॅमेऱ्यांनी तुमची चोरी थांबणार नाही. दोन नीट लावलेले कॅमेरे, एक भोंगा, दाराचं थोडं लोखंडकाम आणि वस्तीवरचा एक जागा होणारा माणूस, एवढं जमलं तर थांबण्याची चांगली शक्यता आहे.

हे मी कुठे शिकलो ते आधी सांगतो. भीमेकाठच्या एका बागायतदाराच्या मोटारघरावर मी कॅमेरा बसवला होता. दाराच्या बरोबर वर, बारा फुटांवर, तोंड खाली दाराकडे. दिवसा चित्र इतकं छान की कुलपाची कंपनी वाचता यायची. पाच महिन्यांनी एका रात्री तिघे आले, वानरटोप्या घातलेले. चाळीस मिनिटं निवांत काम करून मोटर खोलून घेऊन गेले. सगळं रेकॉर्ड झालं. मालक पुण्यात झोपलेले, फोन सायलेंटवर. सकाळी सात वाजता त्यांनी ते पाहिलं. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, यात चेहरे कुठे आहेत? कॅमेऱ्याने तीन टोप्यांचे शेंडे टिपले होते. मालक मला एका शब्दानेही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "मग हा कशासाठी लावला होता?" त्या प्रश्नानंतर मी शेतावरचं काम वेगळ्या पद्धतीने करायला लागलो.

आता कुठल्याही शेतावर गेलो की आधी दोन आकडे काढतो. चोराला आत शिरून माल बाहेर काढायला किती मिनिटं लागतील, आणि खबर मिळाल्यापासून कोणीतरी माणूस तिथे किती मिनिटांत पोहोचेल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर कॅमेरा फक्त झालेली चोरी दाखवेल. तुमच्याबाबतीत चंदननगरहून निघालात तर शिक्रापूरचा चौक मोकळा मिळाला तरी दीड तास धरा. चुलते उठून, कपडे करून, कोणाला तरी सोबत घेऊन येईपर्यंत वीस मिनिटं. वस्तीवरचा शेजारी पाच ते सात मिनिटं. म्हणजे तुमच्या सगळ्या व्यवस्थेचा केंद्रबिंदू तो शेजारी आहे. त्याच्याशी बोलणं झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

पहिला आकडा वाढवायचं काम लोखंडाचं आहे. मोटारघराच्या दाराचा कोयंडा बहुतेक ठिकाणी बाहेरून नट-बोल्टने बसवलेला असतो. पान्ह्याने दोन मिनिटांत निघतो, कुलूप तसंच लटकत राहतं. नटावर वेल्डिंगचा टाका मारून घ्या. बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांनाही टाका. पत्र्याचं शेड असेल तर दाराकडे कोणी बघतही नाही. बाहेरून जे-हुकचे नट ढिले करायचे आणि पत्रा बाजूला करून आत शिरायचं, ही जुनी पद्धत आहे. जमिनीपासून सात फुटांपर्यंतच्या हुकांचे नट वेल्ड करा, आतून आडवे अँगल टाका. मोटर ज्या पायावर बसते तिथे एक साखळी काँक्रीटमध्ये गाडून मोटरच्या बॉडीभोवती घ्या. रोटाव्हेटर चाकावर पळत नाही, पण मागे पिकअप लावून तोही चढवून नेतात. त्यालाही साखळी हवी. विहिरीतून वर येणारी केबल लोखंडी पाइपातून घ्या आणि पाइप क्लॅम्पने बांधकामाला पक्का करा. केबल जाते ती तांब्यासाठी. उघडी लोंबत असेल तर एक माणूस कटरने दोन घाव घालून गुंडाळून नेतो.

हे सगळं केलं की पाच मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांचं होतं. आता कॅमेऱ्याला कामाचा वेळ मिळाला.

मोटरवर, स्टार्टरच्या पेटीवर, रोटाव्हेटरवर वेल्डिंगने किंवा पंचाने तुमचा गट नंबर कोरून ठेवा आणि नंबर प्लेटचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. माल सापडला तरी "हा माझाच" हे सांगता न आल्यामुळे हात हलवत परत आलेले लोक मी पाहिलेत.

कॅमेरा कुठे लावायचा या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी एकच असतं: मालावर नको, वाटेवर लावा. मोटर खांद्यावरून फार लांब जात नाही, रोटाव्हेटर तर नाहीच. त्यांना छोटा हत्ती किंवा पिकअप आणावीच लागते, आणि गाडी तुमच्या शेतापर्यंत पाणंदीनेच येते. पाणंद तुमच्या बांधाला जिथे लागते, ओढा किंवा चारी ओलांडायला जिथे वेग कमी करावा लागतो, ती जागा शोधा. तिथे गाडीही सापडते आणि माणूसही. शिवाय गाडी तिथे दिसल्यापासून कुलपाला हात लागेपर्यंत तीन-चार मिनिटं जातात, ती तुमच्या हिशेबात जमा होतात.

वाटेवरच्या कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग आहे, जो मला फार उशिरा कळला. चोरी करणारे आधी दिवसा येऊन बघून जातात. भंगार मागायला, कांदा बघायला, शेळ्या विकत घ्यायच्यात म्हणून. तेव्हा तोंडाला फडकं नसतं, उजेड भरपूर असतो, गाडीचा नंबर स्पष्ट दिसतो. खेड तालुक्यातल्या एका चोरीत रात्रीचं चित्रण काहीच कामाचं निघालं नाही. पण त्याच्या नऊ दिवस आधी दुपारी तीच गाडी दोनदा पाणंदीत येऊन वळून गेलेली दिसली, आणि त्यावरून पुढचा तपास झाला. म्हणून रेकॉर्डिंग किमान तीन आठवडे मागचं राहिलं पाहिजे, आणि दिवसाचं रेकॉर्डिंग बंद करून जागा वाचवायचा मोह टाळा.

आता लेन्स. दुकानात मेगापिक्सेल सांगतात, लेन्स कोणी सांगत नाही. माणूस ओळखू येण्यासाठी चित्रात त्याच्या जागी एक मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल पडावे लागतात. तिथे माणूस आहे एवढंच कळायला २५ पुरतात. दोन मेगापिक्सेलचं चित्र १,९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे ओळख पटण्याजोगी रुंदी पावणेआठ मीटरच्या आत. बाजारातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत २.८ मिलिमीटरची लेन्स येते, तिचा कोन सुमारे १०५ अंश असतो. हिशेब केला तर तिच्यातून चेहरा ओळखू येतो तो फक्त तीन मीटरपर्यंत. त्यापलीकडे तीस मीटरपर्यंत "कोणीतरी आहे" एवढंच. चार मिलिमीटरची लेन्स घेतली तर ओळख चार मीटरवर, सहाची घेतली तर सात-साडेसात मीटरवर. हे दिवसाच्या उजेडातले आकडे आहेत. रात्री यातला बराच भाग गळतो. चार मेगापिक्सेल घेतला तर अंतर साधारण एक तृतीयांशाने वाढतं, दुप्पट होत नाही.

म्हणून तुमच्याकडे पाणंदीच्या तोंडाशी सहा मिलिमीटरचा एक कॅमेरा हवा, आणि शेड-चाळीच्या अंगणावर २.८ किंवा चारचा एक. पहिला ओळखण्यासाठी, दुसरा "आत कोणी शिरलंय" हे कळण्यासाठी. दोघांची कामं वेगळी आहेत आणि एकाकडून दोन्ही होत नाहीत. मोटारघराचं नंतर सांगतो.

उंचीचा घोळ नेहमीचा. बारा-पंधरा फुटांवर लावला की हाताला लागत नाही, पण दिसतात टोप्या. ओळखायचा कॅमेरा सात-आठ फुटांच्या वर नको. तो तोडला जाईल ही भीती बरोबर आहे, म्हणून तो अंगणातल्या कॅमेऱ्याच्या नजरेत ठेवा किंवा बाभळीच्या, कडुनिंबाच्या आडोशाला असा लावा की येणाऱ्याला तो पार केल्यावर दिसेल. अंगणातला मात्र उंचच हवा.

रात्रीचं चित्र दुकानातल्या डेमोसारखं येत नाही. कॅमेऱ्याच्या आतल्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो. काचेसमोरचा जाळ्याचा एक धागा रात्री पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो, वाऱ्याने हलतो आणि मोबाईल रात्रभर वाजत राहतो. आठ दिवसांनी एकदा फडक्याने पुसणं हाच उपाय, आणि ते काम शेतावर रोज जाणाऱ्या माणसाकडे द्या. घुमटाच्या आकाराचा डोम कॅमेरा उघड्यावर लावू नका. त्याच्या काचेवर धूळ आणि दव बसलं की आतल्या दिव्यांचा उजेड परत त्याच्याच डोळ्यात जातो. लांबट बुलेट बरा. चुना लावलेली भिंत फ्रेमच्या कडेला आली तर तिच्या चकाकीने बाकीचं काळं पडतं. आणि गाडीची नंबर प्लेट इन्फ्रारेडमध्ये पांढरीफटक दिसते, कारण ती प्रकाश परत फेकण्यासाठीच बनवलेली असते. पाणंदीवरच्या कॅमेऱ्याचे दिवे म्हणूनच मंद ठेवावे लागतात. सेटिंगमध्ये तशी सोय आहे का, हे घेतानाच विचारा.

माझा अनुभव असा की अंगणात हालचालीवर पेटणारा एक वीस-तीस वॅटचा पांढरा फ्लडलाईट लावला तर कॅमेऱ्याचं चित्र रंगीत होतं, आलेला माणूस दचकतो आणि वस्तीवरूनही उजेड दिसतो. शिरूर-जुन्नर पट्ट्यात उसात बिबट्या असतो, त्यामुळे रात्री शेतावर जाणाऱ्यालाही हा उजेड हवाच असतो.

आता तुम्ही पाहिलेल्या सोलर फोर-जी कॅमेऱ्याकडे येऊ. वस्तू वाईट नाही, पण ती कशी चालते ते विकणारा सांगत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो. समोरून उष्ण अंग गेलं की त्याचा पीआयआर सेन्सर त्याला उठवतो, आणि उठून रेकॉर्डिंग सुरू व्हायला एक-दोन सेकंद जातात. मोटारसायकल तेवढ्यात निघून जाते. सेन्सरची खरी पकड आठ-दहा मीटरची असते, जाहिरातीतल्या अंतरावर जाऊ नका. त्याच्या समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. मे महिन्याच्या दुपारी हवाच अंगाएवढी तापलेली असते, तेव्हा तो माणूसच ओळखत नाही. आणि सगळं रेकॉर्डिंग आतल्या कार्डावर असतं. कॅमेरा गेला की पुरावाही गेला.

म्हणून असा कॅमेरा मी मोटारघरावर लावतो. तिथे दिवसभर जा-ये नसते, दार अडीच-तीन मीटरवर असतं, सेन्सरच्या पकडीत बसतं. पाणंदीवर आणि अंगणावर मात्र सतत जागा राहणारा कॅमेरा हवा आणि त्याला स्वतंत्र सोलर द्यावं लागतं.

तो हिशेब साधा आहे. दोन कॅमेरे आणि सिमचा राउटर मिळून सुमारे १५ वॅट धरा. चोवीस तासांचे ३६० वॅट-तास झाले. पुण्याकडे वर्षाची सरासरी काढली तर पाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं. वायर, कंट्रोलर, बॅटरी यांतली घट धरून १०० वॅटचं पॅनेल जेमतेम पुरतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून येतं तेव्हा ते पुरत नाही, म्हणून २०० वॅटचं घ्या. मावळ-मुळशीला असतात तर मी त्याहून मोठं सांगितलं असतं. बॅटरी १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची असेल तर त्यात १,२०० वॅट-तास असतात. लेड-ॲसिडची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरू दिली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला ६०० मिळाले, दीड दिवसाची बेगमी. लिथियम फॉस्फेटची त्याच आकाराची बॅटरी जवळपास अडीच-तीन दिवस काढते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून अठरा-वीस अंश कलतं ठेवा आणि शेडच्या छतावर आतून बोल्ट मारून बसवा. पॅनेल आणि बॅटरी हीसुद्धा चोरीची आवडती वस्तू आहे. बॅटरी शेडच्या आत, लोखंडी पेटीत.

शेतीच्या लाईनवर कॅमेरे चालवायचा विचार मनातून काढा. आठ तासांची लाईट, तीही एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, वर व्होल्टेजचा चढउतार. अडॅप्टर वर्षभरही टिकत नाहीत. आणि चोर फ्यूज काढूनच कामाला लागतो. रात्रपाळीच्या लाईटच्या आठवड्यात शिवारात पाणी धरणारी माणसं असतात, बॅटऱ्या चमकत असतात. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री शिवार ओस पडतं. मी पाहिलेल्या बहुतेक चोऱ्या अशाच रात्रींतल्या. तुमच्या दोन्ही चोऱ्या कोणत्या आठवड्यात झाल्या ते आठवून बघा. आणि पावसाळ्यात मोटर बंद असते, पंधरा-पंधरा दिवस विहिरीकडे कोणी फिरकत नाही. केबल जाते ती तेव्हा, आणि कळतं पेरणीनंतर पाणी द्यायच्या वेळी.

वळवाच्या पावसात विजा पडतात, तेव्हा सोलरच्या आणि कॅमेऱ्याच्या वायरवर सर्ज प्रोटेक्टर आणि खरी आर्थिंग हवी. एप्रिल-मे मध्ये मला येणाऱ्या दुरुस्तीच्या फोनांचं मोठं कारण हेच आहे.

नेटचं बघू. सतत चालणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा कमीत कमी एक एमबीपीएस धरला तरी दिवसाला १०.८ जीबी डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर हे शक्य नाही. म्हणून सगळं रेकॉर्डिंग जागेवर करायचं आणि सिमवरून फक्त इशारा आणि छोटी क्लिप पाठवायची. २५६ जीबीचं कार्ड एका कॅमेऱ्याचे सुमारे तीन आठवडे सांभाळतं. कार्ड कॅमेऱ्यासाठीचं, सतत लिहिलं जायला टिकेल असं घ्या, मोबाईलचं सहा महिन्यांत बसतं. क्लिप क्लाउडवर जाईल अशी सोय ठेवा, मग कॅमेरा तोडला तरी शेवटची दहा सेकंदं तुमच्या हातात राहतात. सिम घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांचे मोबाईल घेऊन रात्री नऊच्या सुमाराला त्याच खांबापाशी उभे राहा आणि व्हिडिओ कॉल लावून बघा. गावठाणात रेंज आहे म्हणून शेतात असतेच असं नाही.

मोटारघरावर फोर-जीऐवजी शेडच्या राउटरला जोडलेला कॅमेरा हवा असेल, तर मोटारघर ते शेड तीनशे मीटर आहे. साध्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर, त्यामुळे केबल ओढायला जाऊ नका. हवेतून जोडणाऱ्या दोन छोट्या अँटेना मिळतात, त्यांना एकमेकी दिसल्या पाहिजेत. एका ठिकाणी मी डिसेंबरमध्ये त्या दहा फुटांवर लावल्या, मस्त चालल्या. ऑगस्टमध्ये मधल्या रानातला ऊस बारा फूट झाला आणि सगळं बंद पडलं. शेजाऱ्याच्या रानातही ऊस लागू शकतो हे धरून खांब अठरा-वीस फुटांचा घ्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे जागं होणं. कॅमेऱ्याला माणूस आणि कुत्रं यांतला फरक कळतो असं सेटिंग असतं, ते चालू करा. चित्रावर रेघ मारून फक्त पाणंद आणि अंगण निवडा. डुलणारं गवत, उसाची पात, शेजाऱ्याचा रस्ता बाहेर ठेवा. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी रात्रीचे इशारे तपासून रेघा दुरुस्त करत राहा. एका रात्रीत दोनपेक्षा जास्त खोटे इशारे येत असतील तर महिन्याभरात तुम्ही फोन सायलेंट कराल. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला इलाज नाही. इशारा तुम्हाला, चुलत्यांना आणि वस्तीवरच्या शेजाऱ्याला, तिघांना एकाच वेळी जाऊ द्या आणि त्या ॲपची घंटी वेगळी ठेवा.

आणि भोंगा. बारा व्होल्टचा हूटर शेडच्या छतावर, वस्तीकडे तोंड करून. दाराला लोहचुंबकाचा सेन्सर. दार उघडलं की तो वाजला पाहिजे, नेट असो वा नसो. चारशे मीटरवर रात्रीच्या शांततेत तो ऐकू जातो. माझ्याकडचे जे प्रयत्न अर्धवट सोडून चोर पळाले, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी भोंगा आणि उजेड होता. कॅमेरा पाहून पळालेला मला क्वचितच आढळला. खोटे, रिकाम्या खोक्याचे कॅमेरे मी लावत नाही. दिवसा येऊन बघणाऱ्याला ते कळतात, आणि आपली खरी तयारी किती आहे तेही कळतं.

इशारा आल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. शेजाऱ्याने एकट्याने अंगावर जायचं नाही, हे त्यांना हात जोडून सांगा. मोटर दुसरी येते. वस्तीवरून बॅटऱ्या मारायच्या, ट्रॅक्टरचे दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा आणि ११२ ला फोन करायचा. तुमचं गाव ग्रामसुरक्षा यंत्रणेत असेल तर त्याच्या टोल-फ्री नंबरवर बोललेलं एकाच वेळी गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर वाजतं. चुलत्यांचा आणि वस्तीवरचा नंबर त्यात नोंदवलेला आहे का, हे पोलीस पाटलांना विचारा. आणि पत्र्याला किंवा दाराला करंट सोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात बहुधा आपल्याच घरचं पोर किंवा जनावर सापडतं.

चोरी झालीच तर पहिल्या तासातलं काम. कशालाही हात लावू नका. कार्ड किंवा रेकॉर्डर काढून मोबाईलवर फिरवाफिरवी करू नका, गावच्या ग्रुपवर क्लिप टाकू नका. ती चोरांपर्यंतही पोहोचते. फिर्याद ऑनलाइन देता येते, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. शेतावरून तसं करण्यापेक्षा सरळ ठाण्यात जा. फिर्यादीत "शेतातून चोरी" एवढंच लिहू देऊ नका. माल ठेवण्यासाठी वापरात असलेल्या कुलूपबंद शेडमधून किंवा मोटारघरातून गेला असं स्पष्ट लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माल ठेवण्याच्या इमारतीतून केलेल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत.

चित्रण पुरावा म्हणून टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा; फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली क्लिप दाबून लहान झालेली असते, तिचा ठसा मूळ फाईलशी जुळत नाही. म्हणून मूळ कार्ड जपा. आणखी एक साधी गोष्ट, यंत्राचं घड्याळ. मी तपासायला गेलेल्या जुन्या रेकॉर्डरांत सात मिनिटांपासून ते दोन दिवसांपर्यंत फरक सापडलाय. महिन्यातून एकदा मोबाईलच्या वेळेशी जुळवून घ्या.

खरेदी करताना एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या तपासणी संस्थेच्या चाचणीतून गेलेलं मॉडेल मागा; एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या त्या अटी लागू आहेत. पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, बसवणाऱ्याला सांगू नका, मी असलो तरी. आणि अंगणातल्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये वस्तीची न्हाणी, ऊसतोडीच्या माणसांची खोपटी किंवा त्यांच्या आंघोळीची जागा येणार नाही हे वस्तीवरच्या बायांना चित्र दाखवून नक्की करा. कायद्याचा प्रश्न आहेच, पण ज्यांनी रात्री तुमच्यासाठी उठायचंय त्यांना कॅमेऱ्याचा जाच होता कामा नये.

डीपीबद्दल, म्हणजे विजेच्या रोहित्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. रोहित्राचं तेल आणि आतलं तांबं चोरायला येतात तेव्हा आधी लाईट जाते. आजूबाजूला चालू आणि फक्त आपल्या डीपीवरची गेली, तर सकाळची वाट बघू नका; वस्तीवर फोन करा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. महावितरणच्या खांबावर कॅमेरा लावायचा नाही, आपला खांब वेगळा रोवायचा.

तर क्रम असा ठेवा. येत्या रविवारी शेजाऱ्याकडे जाऊन बसा. पुढच्या आठवड्यात वेल्डरला बोलवा. मग भोंगा आणि दाराचे सेन्सर, त्यानंतर पाणंदीवरचा आणि अंगणातला कॅमेरा, आणि पैसे उरले तर मोटारघरावर तो साडेसहा हजारांचा.

सगळं बसलं की एक चाचणी घ्या. चुलतभावाला रात्री अकरा वाजता तोंडाला गमछा बांधून पाणंदीतून चालत शेडपर्यंत यायला सांगा. शेजाऱ्याला त्या आठवड्यात कधीतरी चाचणी होईल एवढंच सांगून ठेवा, दिवस सांगू नका. तुम्ही चंदननगरला घरी बसा, हातात घड्याळ घ्या. इशारा किती वाजता आला, भोंगा वाजला का, वस्तीवरचा पहिला दिवा किती मिनिटांनी लागला, हे लिहून घ्या. तो आकडा दहाच्या वर असेल तर मला कळवा, कुठे अडलं ते आपण बघू.